नळीच्या पोटावरची अक्षरं

नया नगरात मला सगळे चाचा म्हणतात. फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात मी कारागीर होतो, हेही सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे कोणाच्या आजोळी विलायती दुनळी रायफल निघाली की मोबाइलवर फोटो येतो. फोटो चालतो, बंदूक घेऊन जिना चढू नका. परवान्यावर नसेल तर आधी पोलीस ठाणं गाठा.

फोटोत बहुधा वेलबुट्टीच असते. मला नळ्यांचं पोट बघायचं असतं. काळ्या दारूची रायफल आणि कॉर्डाइटची, म्हणजे धूरविरहित दारूची, रायफल वरून बहिणी-बहिणी. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे १९०४नंतरचे शिक्के मात्र खोटं बोलत नाहीत: मुकुटाखाली 'बीपी' म्हणजे काळी दारू, 'एनपी' म्हणजे धूरविरहित. नुसतं 'बीपी' असलं तर आजचं जोरकस काडतूस घालणं म्हणजे जिवाशी खेळ. 'एनपी'शेजारी 'कॉर्डाइट ७५-५००' असं असलं तर ७५ ग्रेन दारू आणि ५०० ग्रेनची गोळी. दोन्ही नळ्या त्याच भरण्यावर जुळवलेल्या असतात. भरणा बदला, की उजवीची गोळी एकीकडे, डावीची भलतीकडे.

हा भरणा .४७० बोअरचा. या मापामागे सरकारी धास्ती आहे. लष्कराच्या मार्टिनी-हेन्रीचं माप .४५०, तशी काडतुसं बंडखोरांच्या हाती लागतील म्हणून १९०७ साली .४५० बोअर हिंदुस्थानात बंद झाला. मग विलायतेतल्या कारखान्यांनी .४७०, .४६५ अशी मापं पुढे केली. हॉलंड अँड हॉलंडचं .५००/.४६५ त्याच वर्षीचं. संस्थानिकांनीही तीच घेतली. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात शस्त्रं आणि पेंढा भरलेली जनावरं बघितली की त्यांची शिकारीची हौस कळते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ती संपली, हे बरंच झालं.

शिक्क्यांनंतर हात. बंदूक रिकामी आहे ना, दोनदा बघा. नळ्या सुट्या करून आकड्यावर बोट घालून लोंबकळत धरा, लाकडी मुठीनं हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर जोडाचं कथील शाबूत. भदभद आवाज आला तर जोड सुटलाय, आणि मग तोळाभर वेलबुट्टीला काय चाटायचंय? पुढचं लाकूड काढून बंद बंदूक हलवा. खुळखुळली की बिजागरी झिजलेली.

जुन्या काडतुसाचा भरवसा धरू नका. रेंजवर चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच उघडायची घाई नको. नळी निशाणाकडेच रोखून अर्धा मिनिट तरी थांबा.