आबांची लाईन

कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी गेजची गाडी 1897 साली सुरू झाली, तेव्हा ती सगळी इंग्रजांच्या मुलखात धावत होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने एका आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशी इंजिनं आणि वाघिणी आखल्या. त्यामुळे हलके रूळ पुरले. 1911 साली लाईन लातूरला पोचली आणि वाटेत येडशी, कळंब रोड, ढोकी ही आपली निजामाच्या राज्यातली ठाणी तिला मिळाली. जिल्ह्याचं गाव मात्र बाजूलाच राहिलं. धाराशिवकरांना गाडी धरायची तर आधी येडशी गाठावी लागे.

आमचे आबा या लाईनवर गँगमन होते. ते गेले तेव्हा दहाव्याला त्यांचे उरलेसुरले जोडीदार आले आणि रडण्याऐवजी रामलिंगच्या घाटातल्या वळणांवरून वाद घालत बसले. मला ते फार बरं वाटलं. कारण ही लाईन चालवणाऱ्या कंपनीचा इतिहास कॅलथ्रॉपपाशी सुरू होतो आणि 1954 साली सरकारने लाईन ताब्यात घेतली तिथं संपतो. पहार धरणारे हात त्यात कुठंच नाहीत.

आबा भरती झाले ते सरकारी झाल्यावर, पण त्यांच्या आठवणी त्याआधीच्या होत्या. त्यांची आत्या पांगरीला दिलेली. येडशी मोगलाईत, पांगरी इंग्रजीत. मध्ये जेमतेम काही कोसांचं अंतर, पण राज्य वेगळं आणि रुपयाही वेगळा. आपल्याकडे हाली, तिकडे कलदार. सात हालींना सहा कलदार, हा हिशोब आबांना म्हातारपणीही तोंडपाठ होता. आत्याकडे निघालं की त्यांची आजी गाठोडं दोनदा तपासायची, कारण सरहद्दीवरचे जकात घेणारे करोडगिरीवाले ते सोडून बघत. लहान पोराच्या मनात सरहद्द अशी बसली: कापडाच्या घडीत घातलेला परका हात. पुढे 1948 च्या सप्टेंबरात सोलापूरहून नळदुर्गच्या बाजूने फौज आत शिरली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य आटोपलं. रझाकारांच्या दिवसांविषयी विचारलं तर आबा एवढंच म्हणत, “लेकरा, तवा लोकं रातीची लाईन धरून बार्शीकडं चालत जायची.” रूळ वाट दाखवत. याहून जास्त ते कधी बोलले नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

कामाविषयी मात्र भरभरून बोलत. उन्हाळ्यात रूळ तापून फुगतात म्हणून सांधे बघायचे, पावसाळ्यात रात्रभर कंदील घेऊन घाटात गस्त घालायची. दरड आली असेल तर रुळाला फटाके बांधायचे. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. खडी ठोकताना सगळ्यांचे घाव एका तालात पडावेत म्हणून एकजण पुढे म्हणे, बाकीचे ओढत. ती हाळी आबांच्या गळ्यात शेवटपर्यंत होती. अंगणात कुदळ धरली तरी ती आपोआप ओठावर यायची. आषाढीला पंढरपूरच्या फाट्यावर वारकरी टपावरही बसत. त्या दिवसांत आबांची काळजी पाहण्यासारखी असे, कारण प्रत्येक सांध्यावर त्यांना माणसांचं वजन दिसे.

2008 मध्ये रुंद लाईनचं काम पुरं झालं आणि धाराशिव शहर पहिल्यांदा तिच्यावर आलं. आबा नव्या फलाटावर उभे राहून रुळांची जाडी बघत होते. “आता आपल्यासारख्यांचं काम मशीन करतंय, बरं झालं,” म्हणाले. त्यांच्या पाठीचं दुखणं आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं होतं, म्हणून त्यांचं ‘बरं झालं’ मी मनापासूनचं मानतो.

दहाव्याला आलेल्या जोडीदारांकडून मी गँगमधली नावं, मुकादमांची नावं, कुणाचा वाटा कुठल्या मैलापासून कुठल्या मैलापर्यंत होता ते वहीत उतरवून घेतलं. काही नावांवर दोघांचं एकमत होईना. तिथं दोन्ही लिहिली. ढोकी आणि कळंब रोडकडची घरं अजून राहिली आहेत. तिकडं जायचं आहे.