आरे कुठलं, वारे कुठलं?

मागच्या शनिवारी सहज सर्चमध्ये 'आरे' टाकून बघितलं. मुंबईतली दूध वसाहत आली, जंगल आलं, मेट्रोची कारशेड आली. मग 'वारे' टाकलं, तर निवडणुकीचे वारे आणि मोसमी वारे! दोन्ही एकत्र टाकल्यावर कुठे रत्नागिरी उगवली. पण तीही फोटोतली. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरचे दोन किनारे, ड्रोनचे व्हिडिओ, रिसॉर्टचे दर. गावातल्या माणसांबद्दल एक ओळ नाही.

तुम्ही म्हणाल, कोणाला हवीय ती ओळ? सांगतो.

१८३४ ते १९१० च्या दरम्यान सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसला नेले गेले. बरेचसे कलकत्ता नि मद्रासहून, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं पुष्कळ होती. तिथले मराठी लोक त्यांचेच वंशज. उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा (आमच्या भाषेत प्रायमरी की!). मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या नोंदी जपून ठेवल्यात. नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा. म्हणजे शोधणाऱ्याचं तिकडचं टोक बऱ्यापैकी पक्कं आहे.

घोळ इकडच्या टोकाला. गावाचं नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं. जिल्हा 'रत्नागिरी' म्हणावं, तर तेव्हा त्यात मालवणसुद्धा होतं; सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. आणि आरे गुहागर तालुक्यातही आहे. मग पणजोबांच्या आज्याचं आरे नक्की कुठलं, हे कोण सांगणार?

आपल्याकडे कुलवृत्तांत आहेत, मान्य. पण ते जाडजूड ग्रंथ बहुतेक ब्राह्मण घराण्यांचे. बोटीत चढले ते कुणबी, मराठे, महार. त्यांची पुस्तकं कोण छापणार? सातबारा म्हणाल, तर ज्याच्या नावावर जमीन नाही तो त्यात नाही.

उरतात ती ग्रामस्थ मंडळं. गिरण्यांच्या काळात कोकणातून इतकी माणसं मुंबईला आली, की परळ-लालबागच्या चाळींत गावागावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि गावच्या देवळासाठी महिन्याची वर्गणी द्यायची. ती वर्गणी वहीत लिहिलेली. १९८२ च्या संपानंतर खोल्या रिकाम्या होत गेल्या, पण काही वह्या राहिल्या.

आमचं गाव याच पट्ट्यातलं. मंडळाचे खजिनदार आमचे काका. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग आपल्या गावाचं काहीतरी टाक की त्या नेटवर," असं दोन वर्षं म्हणत होते. शेवटी बसलो एकदाचा. आणि सगळ्या इंजिनिअर लोकांसारखंच आधी लॉगिन पेज बनवलं, वर किनाऱ्याचा फोटो :-)

मग आडनावाप्रमाणे टेबल केलं नि तिथेच फसलो. अर्ध्या वाडीचं आडनाव एकच. वहीत तर कित्येकांपुढे आडनावच नाही, नुसतं नाव, बापाचं नाव आणि वाडी. काका हसले. म्हणाले, "अरे, आडनावावर काय शोधतोस? पालखी कशी फिरते ते लिही आधी."

आमच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. कुठल्या वाडीतून सुरुवात, कोणाच्या अंगणानंतर कोणाचं अंगण, कुठल्या घराला कसला मान, सगळं ठरलेलं. माणसं मुंबईला गेली, आडनावं बदलली, पण क्रम तोच. पडक्या घराच्या जोत्यापाशीसुद्धा पालखी घटकाभर थांबते. एवढा जुना इंडेक्स मी दुसरा पाहिलेला नाही!

तेव्हा सगळं पाडून नव्याने बांधलं. आधी वाडी, मग घराचं नाव, मग वहीतली नावं. प्रत्येक नावापुढे इंग्रजीत होऊ शकतील ती चार-पाच स्पेलिंगं, कारण मॉरिशसमधला माणूस देवनागरीत शोधेलच असं नाही. फॅमिली ट्री, लॉगिन वगैरे काढून टाकलं. हयात माणसांची नावंही घातली नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मंडळाच्या मीटिंगमध्ये चांगलीच जुंपली. तिकडच्या नोंदीत जात असते, त्यामुळे ती दिली तर जुळवणं सोपं. पण ती पुन्हा आपण का मिरवायची? मी कॉलम काढला. मग एक तरुण पोरगा म्हणाला, "वाडीचं नाव ठेवलंत ना दादा, मग लपलं काय?" बरोबर होतं त्याचं. वाडी काढली तर इंडेक्सच मोडतो. वाडी ठेवलीय. अजून ते मनाला खुपतंय.

जोत्यांची नावं अर्धीच झालीत. कुठलं जोतं कोणाचं हे बिनचूक सांगणारी आता एकच आजी उरलीय, वय ८० च्या पुढे. फोनवर तिला धड ऐकू येत नाही. म्हणून यंदा शिमग्याला चार दिवसांची रजा टाकलीय. ती पुढच्या पडवीत बसणार, मी पालखीमागून घर मोजत फिरणार. मॅनेजरला 'फॅमिली फंक्शन' असं सांगितलंय.