शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांत देवबाग शोधताना

स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर लिहायचे म्हटले की आपली गाडी सिंधुदुर्ग किल्ल्यापासून सुटते. किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले, हे आपल्याला चौथीपासून पाठ आहे. पण १९२४ साली आपल्या पणजोबांच्या घरात रॉकेल कुठून येई, मुंबईच्या मुलाचे पैसे कसे पोचत, मिठाचा भाव वाढला की चुलीवर काय परिणाम होई, हे आपल्याला कुणी शिकवले नाही. ते शोधायचे तर त्या काळची साप्ताहिके चाळावी लागतात.

मालवण तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे आपल्या भागाची बातमी शोधायची ती रत्नागिरीच्या पत्रांत. तिथला 'सत्यशोधक' १८७१ पासून निघत होता. नावावरून तो महात्मा फुल्यांच्या समाजाचा वाटतो, पण समाज स्थापन झाला १८७३ मध्ये, आणि या पत्राचा त्याच्याशी संबंध नव्हता. पुढे रत्नागिरीतच 'बळवंत' आला. दक्षिणेला सावंतवाडी संस्थानात १९२४ साली 'वैनतेय' सुरू झाला. शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर त्यात लिहीत असत. पुढे ज्ञानपीठ मिळवणारा लेखक आपल्यापासून एका खाडीपलीकडच्या तालुक्यात मुलांचे पेपर तपासत होता आणि उरलेल्या वेळात साप्ताहिकाचे रकाने भरत होता. मराठीतल्या पहिल्या वर्तमानपत्राचे, 'दर्पण'चे, संपादक बाळशास्त्री जांभेकरही आपल्याच जिल्ह्यातले, पोंभुर्ल्याचे. मात्र 'दर्पण' १८३२ साली निघाला तो मुंबईत. कोकणातली हुशारी तेव्हाही बोटीत बसूनच नावारूपाला येत होती.

ही पत्रे चार पानांची, आठवड्याची, टपालाने येणारी. खप शेकड्यांत मोजायचा. पण खपावरून वाचक मोजू नयेत. एक अंक दुकानाच्या फळीवर किंवा देवळाच्या ओसरीवर पडला की वाचता येणारा एक जण मोठ्याने वाची आणि दहा जण ऐकत. त्या वाचनाच्या मध्ये ज्या गजाली होत, त्या मात्र कुठल्याच अंकात छापलेल्या नाहीत.

देवबागचे नाव शोधायला बसलात तर निराशा होईल, हे आधीच सांगतो. अग्रलेख असतो कौन्सिलच्या निवडणुकीवर, पत्रव्यवहार असतो रत्नागिरीच्या म्युनिसिपालिटीवर. वाळूच्या पट्टीवरचे, एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला कर्ली असलेले आपले गाव संपादकाच्या नजरेत क्वचितच येई. म्हणून ही पत्रे मागच्या पानापासून वाचावीत. जाहिराती, कोर्टाच्या नोटिसा, लोकल बोर्डाचे लिलाव, बाजारभाव आणि आगबोटींची वेळापत्रके. आपले गाव तिथे आहे, फक्त त्याचे नाव घातलेले नाही.

आगबोटीचेच घ्या. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करीत मालवणला येई आणि पुढे वेंगुर्ले, पणजीकडे जाई. मालवणला खडकांमुळे ती लांब उभी राही. माणसे आणि सामान होड्यांनी किनाऱ्याला आणावे लागे, आणि त्या होड्या वल्हवणारे हात आपल्याच किनाऱ्यावरचे असत. देवबागकराला तिथून पुढे तारकर्लीची वाळू तुडवायची होतीच. पावसाळ्यात बोटी बंद. 'अमुक तारखेपासून बोटी बंद होतील' या दोन ओळींच्या सूचनेचा अर्थ गावासाठी मोठा होता. चाकरमानी आता येणार नाही, मुंबईचा माल येणार नाही, आणि घरात जे भरून ठेवले आहे त्यावर चार महिने काढायचे.

या बोटींच्या जाहिरातींत राजकारणही होते. गोऱ्यांच्या कंपनीच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ साली, भागभांडवल गोळा करून एक सहकारी बोट कंपनी काढण्यात आली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना 'रामदास', 'तुकाराम' अशी संतांची नावे. तिकीट कुठल्या कंपनीचे काढायचे, हा त्या काळी देशभक्तीचा प्रश्न होता. त्याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात एकाच दिवशी बुडाल्या. 'रामदास'ची जलसमाधी १९४७ ची, ती अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येते. वीस वर्षे आधीची ही दुहेरी दुर्घटना मात्र जुन्या कागदांतच उरली आहे.

बोटीने माणसे गेली ती मुंबईला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणारे, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक दोन लाखांहून अधिक भरले. त्यातले कितीतरी गिरण्यांत. म्हणून १९२४ आणि १९२५ च्या गिरणी संपांच्या बातम्या कोकणच्या पत्रांत वाचताना त्या मुंबईच्या बातम्या समजू नयेत. १९२५ साली मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, कामगार सप्टेंबरपासून बाहेर राहिले आणि डिसेंबरात कपात मागे घेतली गेली. हा काळ नवरात्र-दिवाळीचा. मनीऑर्डर १८८० पासून सुरू झालेली, आणि आपला जिल्हा तिच्यावर जगणारा. त्या दिवाळीत पोस्टमन दारावरून सरळ पुढे गेला असेल, अशी घरे गावोगाव असणार. पन्नास-साठ वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ पासून, पुन्हा तेच झाले. त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत आपल्या देवबागचे. आपल्या वर्गातली काही मुले त्या वर्षी मुंबईच्या शाळांतून नाव काढून गावच्या शाळेत आली, ती का आली हे तेव्हा आपल्याला कळले नव्हते.

मुंबईहून पैसे येत तसे रोगही येत. १८९६ च्या प्लेगात शहर सोडून पळालेली माणसे बोटींनी कोकणात उतरली, तेव्हा बंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्ल्यूएन्झाने मुंबई झोडपली, आणि त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. महायुद्धामुळे कापड आणि रॉकेल आधीच महागले होते. या तिन्ही गोष्टी वर्तमानपत्रात वेगवेगळ्या रकान्यांत छापल्या जात, गावात मात्र त्या एकाच घरात येऊन बसत. २०२० साली चाकरमान्यांना गावाच्या वेशीवर थांबवले गेले, शाळांत चौदा-चौदा दिवस ठेवले गेले, तेव्हा आपल्याला ते सारे नवे वाटले. बंदरावरच्या तपासणीचा इतिहास ठाऊक असलेल्याला तसे वाटले नसते.

औषधांच्या जाहिराती या पत्रांचा सर्वांत वाचनीय भाग आहे. डोंगरे बालामृत, अमृतांजन, जामनगरची आतंकनिग्रह गोळी. एकेक औषध दहा-दहा रोगांवर रामबाण. हसू येते, पण डॉक्टर मालवणात आणि मध्ये वाळू, अशा ठिकाणी टपालाने येणारी बाटली हाच दवाखाना होता. शेजारीच स्वदेशी मालाच्या जाहिराती. किर्लोस्करांचे नांगर आपल्या वाळूत काय उपयोगाचे! पण ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील कोकणात घरोघर पोचला, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी पाढे पाठ केले ते कंदिलाच्याच उजेडात.

मिठाची हकिगत आपल्या गावाला थेट झोंबणारी. मिठावरचा कर मणाला सव्वा रुपया होता, तो १९२३ साली दुप्पट, अडीच रुपये झाला. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा सव्वावर आला. पुण्यामुंबईच्या पत्रांत हा कौन्सिलच्या अधिकाराचा आणि व्हाइसरॉयच्या हट्टाचा प्रश्न होता. मासे खारवणाऱ्या बाईला तो बांगड्याचा प्रश्न होता. काही बंदरांत सरकारी आवारात करमाफ मीठ मिळे खरे, पण ते तिथेच, मोजूनमापून वापरायचे. पावसाळ्यासाठी घरच्या मडक्यात जे खारवायचे, त्याला बाजारचेच मीठ. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यामागे हाही हिशोब होता.

आणि आता जे या पत्रांत नाही, त्याबद्दल. रापणीचा वाटा कसा ठरे, जाळे फाटले तर नवे कोणाच्या कर्जाने येई, कर्लीतून होडी वल्हवत नेरूरपारकडे गेले की ब्रिटिश मुलूख संपून सावंतवाडी संस्थान लागे, तर त्याचा जाच होई की फायदा, यावर क्वचितच कोणी लिहिले. संपादक शहरातले, शिकलेल्या जातींतले. गाबीत माणूस त्यांच्या अंकात येई तो बुडाल्यावर किंवा कोर्टाच्या नोटिशीत. बायकांचे तर नावही नाही, 'अमक्याची बायको' एवढेच. मालवणी बोली एका ओळीतही नाही, सारे पुणेरी वळणाचे. याला संपादकाचा दुष्टावा म्हणता येणार नाही. वर्गणी ज्याची, बातमी त्याची, असा तो व्यवहार होता. पण त्यामुळे ही पत्रे गावाचा इतिहास म्हणून जशीच्या तशी उचलता येत नाहीत. त्यांतल्या नोटिशीशेजारी आपल्या आजीची आठवण ठेवली तरच काही उमगते.

ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालय, मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय. मूळ अंक हरवले असले तरी आणखी एक वाट आहे. देशी पत्रांत काय लिहिले जाते यावर ब्रिटिश सरकार डोळा ठेवून होते, आणि त्यासाठी दर आठवड्याला त्यांचा इंग्रजी गोषवारा तयार होई. ते अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. ज्यांच्यावर पाळत होती, त्यांचेच शब्द पाळत ठेवणाऱ्यांनी जपले.

खाऱ्या हवेत आणि वाळवीत कागद फार टिकत नाही. पण आपल्या घरांत मुंबईहून आलेल्या पत्र्याच्या ट्रंका आहेत, त्यांच्या तळाशी अंथरलेले जुने कागद आहेत, देवाच्या तसबिरींच्या मागे लावलेली पाने आहेत, मनीऑर्डरच्या पावत्या आहेत. घर पाडून नवे बांधताना हे सारे आधी चुलीत जाते. मेळाव्याला येताना असे काही सापडले तर घेऊन या, मूळ द्यायचे नसेल तर मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि ते कोणाच्या घरात, कुठल्या वाडीत मिळाले ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.