शायेन नायकांची व्यक्तिनिश्चिती आणि कुलसंबंध

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील शायेन जमातीच्या इतिहासात १८ फेब्रुवारी १८६१ या दिनांकाला विशेष महत्त्व आहे. आजच्या कोलोरॅडो राज्यात आर्कान्सा नदीच्या काठी असलेल्या फोर्ट वाइज या ठाण्यात त्या दिवशी संयुक्त संस्थानांच्या सरकारशी एक तह झाला. १८५१ च्या तहाने शायेन व अरापाहो या दोन जमातींना उत्तर प्लॅट व आर्कान्सा या नद्यांमधील जो विस्तीर्ण मुलूख मान्य केला होता, त्याच्या तेराव्या हिश्श्याहूनही लहान असा भूभाग आता त्यांच्यासाठी उरला. या तहावर शायेनांच्या बाजूने केवळ सहा नायकांच्या निशाण्या आहेत. हे सहाजण कोण होते, त्यांच्यामागे किती लोक होते आणि जमातीच्या वतीने जमीन सोडून देण्याचा अधिकार त्यांना होता काय, हे प्रश्न त्या काळीच उपस्थित झाले. त्यांचे उत्तर देण्यासाठी प्रथम कागदावरील नावामागची व्यक्ती निश्चित करावी लागते. हे काम वरकरणी दिसते तितके सुलभ नाही.

अडचणी मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिली नावाची, दुसरी पदाची आणि तिसरी नात्याची. या तिन्ही बाबतींत इंग्रजी कागदपत्रांनी जे शब्द वापरले त्यांचा आशय शायेन व्यवहारातील आशयाशी जुळत नाही.

प्रथम नावाचा विचार करू. शायेन पुरुषाचे नाव जन्मभर एकच राहत नसे. बालपणीचे नाव वेगळे, पराक्रमानंतर मिळालेले वेगळे. नाव ही कुटुंबाची, विशेषतः पित्याकडील आप्तांची, ठेव मानली जाई. चुलत्याने आपले नाव पुतण्याला द्यावे आणि स्वतः दुसरे धारण करावे, ही रीत सर्वमान्य होती. परिणामी एका व्यक्तीची अनेक नावे आणि एका नावाच्या अनेक व्यक्ती, असा दुहेरी गुंता कागदपत्रांत आढळतो. डॉग सोल्जर्सचा नायक टॉल बुल ११ जुलै १८६९ रोजी समिट स्प्रिंग्जच्या लढाईत मारला गेला. तथापि १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईविषयी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या शायेन साक्षीदारांनी माहिती सांगितली, त्यांतही एक टॉल बुल आहे. मृत्यूचे वर्ष ठाऊक असल्यामुळे येथे घोटाळा टळतो. जेथे ते ठाऊक नसते तेथे दोन आयुष्ये एकात मिसळून जातात.

नावांच्या भाषांतराने या गुंत्यात भर घातली. उत्तर शायेनांचा जो नायक इतिहासग्रंथांत 'डल नाइफ', म्हणजे बोथट सुरी, या नावाने प्रसिद्ध आहे, त्याचे शायेन नाव 'व्होओहेहेवे', म्हणजे पहाटेचा तारा, असे होते. 'डल नाइफ' हे त्याला शेजारच्या लाकोटा लोकांनी दिलेल्या नावाचे भाषांतर होय. १० मे १८६८ रोजी फोर्ट लॅरमी येथे झालेल्या तहाच्या मुद्रित प्रतीत त्याच्या निशाणीपुढे 'ता-मे-ला-पाश-मे' असे लिहिले आहे. हा शब्द लाकोटा भाषेचा आहे. शायेन नायकाचे नाव शायेन भाषेतच नोंदलेले असणार असे गृहीत धरणारा अभ्यासक येथे सहज फसेल. विशेष असे की, मोंटानातील लेम डीअर येथे उत्तर शायेनांनी चालविलेले महाविद्यालयही या नायकाचे परक्यांनी दिलेले नावच धारण करते.

'लिटल वुल्फ' या नावाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. १८६१ च्या तहात या नावाचा एक निशाणीकार आहे आणि १८६८ च्या तहातही आहे. इंग्रजी नाव एकच असल्यामुळे दोघे एकच समजण्याचा मोह होतो. परंतु पहिल्या तहात त्याचे शायेन रूप 'ओ-ने-आ-हा-केट' असे दिले आहे, तर दुसऱ्यात 'ओ-कम-गा-चे' असे. शायेन भाषेत लांडग्याला 'होनेहे' म्हणतात आणि कायोटी या लहान कोल्हेवजा प्राण्याला 'ओकोहोमे'. पहिले रूप लांडग्याच्या शब्दाशी जुळते, दुसरे कायोटीच्या. १८७८ साली डल नाइफसह आपल्या लोकांना दक्षिणेतील छावणीतून उत्तरेकडे परत नेणारा आणि १९०४ साली निधन पावलेला सुप्रसिद्ध लिटल वुल्फ हा दुसऱ्या रूपाचा धनी होय. त्याच्या नावाचा यथार्थ अर्थ 'लहान कायोटी' असा आहे. त्यातच पहिला तह दक्षिणेत आर्कान्साकाठी झाला आणि दुसरा उत्तरेतील टोळ्यांशी. तेव्हा या दोन निशाण्या भिन्न व्यक्तींच्या मानणेच युक्त ठरते. दुभाषाने दोन प्राण्यांसाठी एकच इंग्रजी शब्द योजला आणि दोन माणसांचा एक माणूस झाला.

दुसरी अडचण पदाची. जमातीचा कारभार चव्वेचाळीस नायकांच्या सभेकडे असे. हे नायक दहा वर्षांसाठी निवडले जात. त्यांनी क्रोध आवरावा, दानशूर असावे, स्वतःच्या घरावर आघात झाला तरी सूड घेऊ नये, अशी अपेक्षा होती. योद्ध्यांची मंडळे याहून वेगळी. त्यांचे म्होरके युद्धात व छावणीच्या बंदोबस्तात पुढारीपण करीत. योद्धामंडळाच्या म्होरक्याची सभेवर निवड झाल्यास त्याने म्होरकेपण सोडावे असा संकेत होता. लिटल वुल्फकडे दोन्ही राहिली, हा अपवाद म्हणून आवर्जून सांगितला जातो. त्याच लिटल वुल्फच्या हातून १८८० साली एका शायेनाचा वध झाला, तेव्हा त्याने पदाचा त्याग करून एकांतवास पत्करला. नायकपदाचे नियम किती गांभीर्याने पाळले जात याची ही साक्ष आहे.

इंग्रजी कागदपत्रांत मात्र सभेचा नायक, योद्धामंडळाचा म्होरका आणि केवळ नावाजलेला वीर या तिघांनाही 'चीफ' हा एकच शब्द आहे. याचे ठळक उदाहरण रोमन नोज याचे. १८६७ च्या मोहिमेत लष्करी अधिकारी त्याला जमातीचा मोठा नायक समजत होते. १७ सप्टेंबर १८६८ रोजी बीचर आयलंडच्या लढाईत तो पडला, तेव्हा वृत्तपत्रांनीही तसेच लिहिले. वस्तुतः तो सभेचा नायक कधीच नव्हता. तो अग्रगण्य वीर होता. त्याच नावाचा दुसरा एक शायेन १८७५ ते १८७८ या काळात फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन येथे कैदेत होता व पुढे ओक्लाहोमात राहिला. तेथील एका राज्य-उद्यानाला नाव आहे ते या दुसऱ्याचे.

फोर्ट वाइजच्या तहाकडे या दृष्टीने पाहिले असता प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. ब्लॅक केटल, व्हाइट अँटिलोप, लीन बेअर ही सभेतील मान्यवर नावे होती, यात शंका नाही. परंतु सभेचे निर्णय सर्वसंमतीने होत असत. चव्वेचाळिसांपैकी सहाजणांच्या संमतीने संपूर्ण जमातीची भूमी सुटू शकते, ही कल्पना शायेन राज्यव्यवस्थेत बसणारी नव्हती. डॉग सोल्जर्सनी व इतर अनेकांनी हा तह मानला नाही, त्याचे कारण येथे आहे.

तिसरी अडचण नात्याची. शायेन भाषेत पित्याच्या भावाला 'पिता' आणि मातेच्या बहिणीला 'माता' असेच म्हणतात. मामा व आत्या यांना स्वतंत्र शब्द आहेत. मात्र चुलत, मावस, मामे व आते ही सारी भावंडे 'भाऊ' आणि 'बहीण' याच शब्दांनी ओळखली जातात. मराठी व्यवहारातही चुलतभावाला नुसते 'भाऊ' म्हटले जाते, परंतु गरज पडताच विशेषण जोडता येते. शायेन साक्षीदाराचे बोलणे इंग्रजीत उतरविणाऱ्या लेखनिकाने हे विशेषण विचारलेच नाही. मे १८६४ मध्ये सैनिकांच्या गोळीबारात मारला गेलेला लीन बेअर आणि डॉग सोल्जर्सचा नायक बुल बेअर हे भाऊ होते, असे इतिहासग्रंथ सांगतात. ते सहोदर होते असा अर्थ केवळ त्या शब्दावरून काढता येत नाही. त्यासाठी मातापित्यांच्या नावांचा स्वतंत्र पुरावा हवा.

विवाहानंतर पुरुषाने पत्नीच्या छावणीत राहावयास जाण्याची रीतही येथे ध्यानात घ्यावी लागते. ब्लॅक केटलची गणना वोतापिओ टोळीत होते, ती त्याची पत्नी मेडिसिन वुमन लेटर हिच्यामुळे. त्यामुळे नायकाच्या टोळीवरून त्याच्या पित्याचे कुळ ठरविणे धोक्याचे असते. नायकांची वंशावळ केवळ पुरुषांच्या नावांनी मांडली तर ती अपुरीच राहते. बाणांचे रक्षक व्हाइट थंडर हे १८३८ साली कायोवांशी झालेल्या लढाईत पडले. त्यांची कन्या आउल वुमन हिने व्यापारी विल्यम बेंट याच्याशी विवाह केला. त्यांचा पुत्र जॉर्ज बेंट याची पत्नी मॅगपाय ही ब्लॅक केटलच्या नात्यातील होती. जॉर्ज बेंटच्या पत्रांतून शायेन नायकांविषयी जी विपुल माहिती मिळते, तिची विश्वसनीयता स्त्रियांच्या द्वारे जुळलेल्या या नात्यांवर आधारलेली आहे.

या अडचणींवर मात करण्याची साधने उपलब्ध आहेत. १८८५ पासून एजन्सीच्या वार्षिक गणनापत्रकांत कुटुंबवार नोंदी मिळतात. १८९१ साली दक्षिण शायेनांना जमिनीचे वैयक्तिक वाटप झाले आणि १९१० च्या कायद्यानंतर मृत खातेदारांचे वारस ठरविताना नातेवाइकांच्या जबान्या घेण्यात आल्या. या जबान्यांत पत्नी, अपत्ये व भावंडे यांची नावे क्रमाने येतात. तथापि पित्याचे नाव आडनाव म्हणून लादण्याची प्रथा याच काळात रूढ झाल्याने, आडनाव समान म्हणजे कुळ एक असा निष्कर्ष काढता येत नाही. नावाचे मूळ भाषेतील रूप, टोळी, पत्नीचे नाव आणि मृत्यूचे स्थळ व वर्ष, या चार बाबी जुळल्याखेरीज दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या मानू नयेत, हे पथ्य म्हणूनच आवश्यक ठरते.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाही. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे व्हाइट अँटिलोप, वॉर बॉनेट व स्टँडिंग इन द वॉटर या नायकांसह दोनशेहून अधिक शायेन व अरापाहो मारले गेले. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचीच संख्या मोठी होती. ऑक्टोबर १८६५ च्या लिटल आर्कान्सा तहात सरकारने या कृत्याचा निषेध केला आणि विधवा व अनाथ झालेल्यांना भरपाई देण्याचे मान्य केले. ते वचन पाळले गेले नाही. त्या स्थळी २००७ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ स्थापन झाले, तरी मृतांचे वंशज कोण, हा प्रश्न भरपाईच्या मागणीबरोबर आजही उभा आहे. वंशजांनी दाखविलेले नाते इंग्रजी दप्तरात सापडत नाही म्हणून ते खोटे, असे म्हणण्यापूर्वी त्या दप्तराने 'पिता' आणि 'भाऊ' हे शब्द कोणत्या अर्थाने लिहून घेतले, याची छाननी झाली पाहिजे.