कानाला फसवून वाचवलेली जागा

वर्गात आपण हळू आवाजात काही सांगत असताना शाळेची घंटा वाजली, तर तेवढ्यापुरते आपले शब्द मुलांना ऐकू येत नाहीत. आपले बोलणे चालूच असते, हवेत त्याचे तरंगही असतात. पण मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. याला ध्वनीचे आच्छादन म्हणतात. हाच रोजचा अनुभव ‘एमपी३’ या ध्वनिसंकोचनाच्या पद्धतीच्या मुळाशी आहे.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यासाठी ध्वनितरंगाची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात. डावी व उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या, की सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट होतात. (हा गुणाकार मुलांकडून जरूर करून घ्यावा.)

पश्चिम जर्मनीतील एर्लांगेन येथील प्राध्यापक डीटर झाइट्सर यांना संगीत टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचे होते. अंकीय टेलिफोनची एक वाहिनी सेकंदाला ६४,००० बिट नेई. दोन जोडल्या तरी १,२८,०००. म्हणजे अकरा भागांतले दहा भाग टाकायचे! हे अशक्य आहे, असे म्हणून त्यांचा पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. तेव्हा झाइट्सर यांनी हाच प्रश्न कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याला संशोधनासाठी दिला.

उत्तराची वाट कानाच्या अभ्यासातून निघाली. कोणता स्वर कोणत्या स्वराला किती झाकतो, याची मोजमापे म्युनिकचे एबरहार्ड त्स्विकर यांच्यासारख्या संशोधकांनी आधीच करून ठेवली होती. त्यांच्या आधारे संगीताचे सुमारे २६ सहस्रांश सेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातील कंप्रता वेगळ्या करायच्या आणि झाकल्या जाणाऱ्या भागासाठी कमी बिट खर्च करायचे. बिट कमी झाले की मोजमाप ढोबळ होते व खरखर निर्माण होते. पण ती मोठ्या स्वराच्या आड राहिली, तर कानाला कळत नाही.

वाद्यमेळावर ही युक्ती चांगली चालली. मग ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे गाणे घेतले. त्यात एकही वाद्य नाही. एकटा, साधा गळा. संकोचनानंतर तो फारच वाईट ऐकू आला. मागे वाद्ये नसल्याने खरखरीला लपायला जागा नव्हती. शिवाय गळा दोन्ही कानांच्या मधोमध, तर खरखर दोन्ही बाजूंना, अशी ती वेगळी पडे. हे गाणे पुनःपुन्हा ऐकून पद्धतीत सुधारणा करण्यात आल्या. मानवी आवाजाला आपला कान किती सरावलेला असतो, हे यावरून दिसते.

१९९२ साली या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानकात स्थान निश्चित झाले आणि १९९३ मध्ये ते मानक प्रसिद्ध झाले. ‘एमपी३’ हे नाव मात्र १४ जुलै १९९५ रोजी ठरले. २०१७ साली तिच्या पेटंटांच्या परवान्यांचा कारभारही बंद झाला.

आज हे रूपांतर कोणत्याही संगणकावर क्षणात होते. एका मिनिटाच्या संगीताला मूळ स्वरूपात १ कोटी ५ लाखांहून अधिक बाइट लागतात. सेकंदाला १,२८,००० बिट या वेगाने साठवले तर ९,६०,००० पुरतात. पण येथे एक सावधगिरी हवी. टाकलेला भाग परत मिळत नाही. एमपी३ची पुन्हा मोठी फाइल केली, तर फक्त आकार वाढतो. आणि पुन्हा संकोचन केले, तर आणखी काही गळते.

म्हणून गावातल्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मुलांनी ध्वनिमुद्रित केल्या, तर वाटण्यासाठी एमपी३ प्रत खुशाल करावी, पण मूळ मुद्रण पुसू नये. काय ऐकू येत नाही, हे आजच्या कानांवरून ठरवलेले असते. उद्याच्या अभ्यासकाला त्या एकट्या गळ्यातले नेमके काय शोधायचे असेल, हे आज कोणी सांगावे?