अवटु-कर्करोग : बालाघाट व वैनगंगेचे खोरे

अवटु-कर्करोग : कंठाच्या पुढील अंगास श्वासनलिकेला बिलगून असलेल्या अवटु ग्रंथीत, जिला लोकव्यवहारात थायरॉइड म्हणतात, उद्भवणारा कर्करोग; स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. त्याच्या प्रकारांपैकी पॅपिलरी हा इतका मंदगती, की उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा 95 हून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात; आणि अ‍ॅनाप्लास्टिक हा इतका उग्र, की निदानानंतरचे आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजावे लागते. फॉलिक्युलर व मेड्युलरी हे या दोहोंच्या मधले. आहारात आयोडीन कमी, तेथे फॉलिक्युलर व अ‍ॅनाप्लास्टिक यांचे प्रमाण तुलनेने अधिक असते; गलगंड-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 साली सुरू होऊन आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचले, ही गोष्ट म्हणूनच येथे अप्रस्तुत नव्हे.

गेल्या काही दशकांत या रोगाच्या नोंदी जगभर वाढल्या, परंतु मृत्युसंख्या त्या मानाने हलली नाही. दक्षिण कोरियात 1993 ते 2011 या काळात नोंदी सुमारे 15 पट झाल्या. कारण इतर तपासणीसाठी आलेल्यांच्या गळ्याची सोनोग्राफी अल्प मोबदल्यात होऊ लागली, आणि ज्या सूक्ष्म गाठी मनुष्य अजाणता स्मशानापर्यंत नेत असे, त्या दप्तरी दाखल झाल्या. भारतात तिरुवनंतपुरमच्या स्त्रियांत या अतिनिदानाची छाया ठळक दिसते. भोपाळच्या नोंदींत ती जवळजवळ नाही.

मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या खोऱ्यात असलेल्या बालाघाटची गोष्ट याहून निराळी. 1867 साली स्थापन झालेला हा जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. पुढे राज्याची हद्द बदलली, आजाऱ्याची वाट बदलली नाही, आणि वारासिवनी-लांजीकडील रुग्ण आजही गोंदियावरून नागपूर गाठतो. नागपुरात 1980 पासून लोकसंख्याधारित कर्करोग-नोंदणी आहे खरी. परंतु अशा नोंदणीचा दंडक रहिवासाचा, उपचारस्थळाचा नव्हे. त्यामुळे नागपुरात गाठ काढून घेतलेली बालाघाटची बाई नागपूरच्या आकड्यात शिरत नाही, आणि भोपाळची नोंदणी तर भोपाळपुरतीच. कोरियात जे जरुरीपेक्षा अधिक मोजले गेले, ते येथे मोजलेच जात नाही; तेव्हा या जिल्ह्यात रोग वाढला की घटला, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याचे ऐकून घ्यावे, मानू नये.

उपचार : सोनोग्राफी व सुईने काढलेल्या पेशींची परीक्षा, मग शस्त्रक्रिया. पूर्वी सर्रास संपूर्ण ग्रंथी काढीत. आता 4 सेंटिमीटरपर्यंतची, ग्रंथीबाहेर न पसरलेली गाठ असल्यास पुष्कळदा एकच पाळ काढतात. रोग पसरलेला असल्यास किरणोत्सर्गी आयोडीन देतात. हा उपचार देणाऱ्या, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना 1963 ची. एक सेंटिमीटरच्या आतील निरुपद्रवी गाठ न कापता नुसती नजरेखाली ठेवण्याची पद्धत जपानमधील कोबेच्या कुमा रुग्णालयाने 1993 साली सुरू केली. ही पद्धत शहाणपणाची असली, तरी नियमित सोनोग्राफी ही तिची पूर्वअट आहे. बालाघाट जिल्ह्यातील बैहरच्या डोंगराळ भागातून त्यासाठी वर्षानुवर्षे ये-जा करणे ज्याला परवडत नाही, त्याच्या बाबतीत एकदाच केलेली लहान शस्त्रक्रिया अधिक सोयीची ठरू शकते.