ड जीवनसत्त्व व हृद्‌विकार : इतिहास

ड जीवनसत्त्व हे मेदविद्राव्य (चरबीत विरघळणारे) असून सूर्यप्रकाशातील जंबुपार (जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांच्या क्रियेने ते त्वचेत तयार होते. त्यामुळे त्याला हॉर्मोन म्हणणेच अधिक सयुक्तिक ठरेल. कॉड माशाच्या यकृत-तेलातील मुडदूसरोधी घटक अ जीवनसत्त्वाहून भिन्न आहे, हे मॅकॉलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ मध्ये दाखविले.

त्याच वर्षी हचिसन व शाह यांची नाशिक येथील पाहणी प्रसिद्ध झाली. पडदा पाळणाऱ्या सधन कुटुंबांत आहार चांगला असूनही मुडदूस व अस्थिमार्दव हे विकार आढळले. याउलट उन्हात राबणाऱ्या गरिबांची मुले, निकृष्ट आहार असूनही, मुडदुसापासून बहुधा मुक्त होती. केवळ आहाराला दोष देणाऱ्या तत्कालीन मताला यामुळे धक्का बसला.

नाशिक काय किंवा राणीसावरगाव (ता. गंगाखेड, जि. परभणी) काय, दोन्ही ठिकाणे १९-२० उत्तर अक्षांशांच्या आसपास असल्याने तेथे हिवाळ्यातील दुपारचे ऊनही या कार्यास उपयोगी पडते. तेव्हा शेतकरी व दिवसभर कचेरीत बसणारा यांच्या रक्तातील पातळीत जो फरक संभवतो, तो मुख्यतः दिनक्रमाचा होय. बैठ्या माणसात स्थूलता, अतिरक्तदाब व मधुमेह यांचेही प्रमाण अधिक असते. पुढील वादाचे मूळ येथेच आहे.

हिवाळ्यात हृद्‌विकाराचे मृत्यू वाढण्याचा संबंध ड जीवनसत्त्वाशी असावा, असा तर्क रॉबर्ट स्क्रॅग यांनी १९८१ मध्ये मांडला. मूषकांवरील प्रयोगांत (२००२) हे जीवनसत्त्व रेनिन या रक्तदाबनियामक एंझाइमाची निर्मिती रोखते, असे दिसून आले. फ्रेमिंगहॅम (अमेरिका) येथील १,७३९ व्यक्तींच्या पाहणीत (२००८) अल्प पातळी असणाऱ्यांना हृद्‌विकार अधिक झाले. यानंतर या गोळ्यांविषयी मोठी अपेक्षा निर्माण झाली, ती पुराव्याच्या मानाने फारच जास्त होती.

निर्णायक चाचण्या नंतर झाल्या. न्यूझीलंडमध्ये ५,११० व्यक्तींना दरमहा जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृद्‌विकार कमी झाले नाहीत. या चाचणीचे प्रमुख स्वतः स्क्रॅग होते, हे विशेष. अमेरिकेतील २५,८७१ व्यक्तींवरील चाचणीनेही (२०१९) तेच दाखविले. अल्प पातळी हे हृद्‌विकाराचे कारण नसून बहुधा घरात कोंडलेल्या, स्थूल वा आजारी शरीराचे लक्षण असावे, असे मत त्यामुळे बळावले.

न्यूनता असल्यास हाडांसाठी उपचार आवश्यकच असतात. मात्र अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून वृक्कांत (मूत्रपिंडांत) व रक्तवाहिन्यांत त्याचे निक्षेप साचू शकतात.